माळ्यावरच्या सर्व्हरचं दार

आमचा सर्व्हर ओतूरमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माळ्यावर आहे. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थंडगार खोली आणि लुकलुकणारे निळे दिवे येतात. आमचा म्हणजे कुठल्यातरी ऑफिसने भंगारात काढलेला काळा डबा. त्याच्या एका अंगाला पीव्हीसी एल्बोचं पोतं, दुसऱ्या अंगाला ठिबकच्या नळीची वेटोळी, आणि खाली गल्ल्यावर शेठ. शेठचे आजोबा राजस्थानातून इथे आले आणि त्यांनी दुकान टाकलं. शेठ मात्र असे इथले, की बाजाराच्या दिवशी भांडण लागलं तर मिटवायला त्यांनाच बोलावतात.

डबा तिथे का, ते आधी सांगते. आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाचे सगळे फोटो नि व्हिडिओ पूर्वी एका बड्या कंपनीच्या फुकटच्या खात्यात होते. एके सकाळी ते खातं बंद. कारण? ‘नियमांचा भंग.’ कुठल्या नियमाचा, कुणी तक्रार केली, काही नाही. विचारायला माणूसच नाही, नुसता एक निर्विकार मजकूर. तहसील कचेरीत निदान ओरडायला एखादा कारकून तरी समोर असतो! तेव्हाच ठरवलं, आपला माल आपल्या घरात. शेठकडे फायबरचं कनेक्शन होतं, इन्व्हर्टर होता, आणि माझ्या वडिलांशी जुनी ओळख होती. मी मागितलं, त्यांनी माळा दिला. वर म्हणाले, “ठेव. पण मोर्चा खालूनच ने, शिडी कच्ची हाय.”

आणि माल काय होता? जुन्नर नि आंबेगावच्या शिवेवर एक डोंगर आहे. म्हणजे होता, आता अर्धाच उरलाय. उरलेला अर्धा एक खडी क्रशर खातोय. सुरुंग कधीही उडवतात. भिंतींना तडे, विहिरींत माती, कांद्याच्या पातीवर पांढरी भुकटी. आम्ही इंटरनेटवर एक साधं पान बनवलं होतं. गावातल्या लोकांनी मोबाइलवरून फोटो टाकायचे, ते थेट माळ्यावरच्या डब्यात. घोडेगावला तहसीलदारांपुढे क्रशरविरुद्ध सुनावणी लागली होती आणि त्यासाठी हे सगळं जमवणं चालू होतं.

त्यात एक व्हिडिओ सगळ्यांत भारी होता. क्रशरच्या वजनकाट्यावर एक बाई बसते. आलेल्या-गेलेल्या डंपरांची वजनं करते. तिला मी ताई म्हणते. तिने काट्याच्या केबिनच्या खिडकीतून फोनवर टिपलेलं: ना भोंगा, ना लाल झेंडा, शाळा सुटलेली पोरं रस्त्याने चाललेली, आणि धडाड! पोरं खाली बसली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. व्हिडिओत ताईचाच आवाज, “अगं बाय, पोरं हायत रस्त्यावर!” एवढं करून बाईने आमच्या पानावर स्वतःचं नाव, गाव, आडनाव सगळं भरलेलं. खालच्या रकान्यात नाव मागितलं होतं म्हणून भरलं. तो रकाना मीच ठेवला होता.

पाठोपाठ तिचा फोन आला.

“ते नाव कुठं छापून नाय ना येणार?”

“नाही ताई.”

“घरात माझाच एक पगार हाय. त्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी मी घरी, आन् पगार गेल्यावर सासरचे घरी तरी ठेवतील का.”

“नाव बाहेर जाणार नाही. माझा शब्द.”

शब्द देणं सोपं असतं. तोंड उघडायचं, झालं.

त्यानंतर एका दुपारी मी माळ्यावर बसून सर्व्हरचा लॉग उघडला. लॉग म्हणजे दारात कोण आलं-गेलं, त्याची मशीन स्वतःच ठेवत असलेली नोंद. इतके दिवस मी तो कधी वाचलाच नव्हता. घर बांधल्यावर भिंतीत कान लावून कोण बसतं? सर्व्हरला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्याला हजारो दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक बंदच. एक उघडं ठेवावं लागतं, त्यातून लोक फोटो टाकतात. आणखी एक, त्यातून मी आत जाऊन झाडलोट करते. आणि लॉगमध्ये दिसत होतं ते असं, की कुणीतरी एकेक दार ढकलून बघतंय. हे बंद? मग पुढचं. तेही बंद? त्याच्या पुढचं. आणि माझ्या झाडलोटीच्या दारावर तर पासवर्डांचा मारा. एक चुकला की दुसरा, दुसरा चुकला की तिसरा. मी बघत असतानाच खाली नव्या ओळी येत होत्या. हे थांबतच नव्हतं.

आधी मी घाबरले, आणि लगेच त्याचा राग झाला. माझं असंच होतं.

मी पत्रकांवर वाढले. वस्तीतल्या विहारात जयंतीच्या आधी आम्हा पोरांना पत्रकांच्या घड्या घालायला बसवायचे. मी घड्या घालता घालता वाचायला लागले, मग लिहायला लागले. मला शिकवणाऱ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिल्या ओळीत शत्रू दिसला पाहिजे. आणि नाव छापायचं असेल तर पुरावा हातात पाहिजे. पहिली गोष्ट लगेच अंगात भिनते. दुसरीला वेळ लागतो.

संध्याकाळच्या आत मजकूर तयार होता. ‘क्रशरवाल्यांनो, जनतेच्या सर्व्हरचं दार फोडणारे तुम्ही कोण?’ खाली तीन परिच्छेद, एकाहून एक जळजळीत. मी तो घेऊन शिडी उतरले आणि शेठना वाचून दाखवला. दुकानात मोटारीचं फूटवॉल्व्ह घ्यायला आलेले एक पावणं उभे होते, त्यांनीही ऐकला.

“लई भारी,” पावणं म्हणाले. “पण सर्व्हर म्हंजी?”

शेठनी चष्मा कपाळावर नेला. “तू म्हणतेस क्रशरवाला टकटक करतोय.”

“दुसरं कोण करणार?”

“सारखी? दिवसभर?”

“दिवसभर!”

“आगं, त्याला डंपरचे टायर बदलायला टाइम नाय, तो तुझं एकेक दार ढकलत बसलाय व्हय?” मग पावण्यांकडे वळले. “सकाळपासून किती जण भाव विचारून गेले, बघितलं ना तुमी? घेतलं कोणी? म्हणून मी काय सगळ्यांवर चोरीची केस करू?”

“भाव विचारणं वेगळं, कुलूप खडखडवणं वेगळं,” मी म्हणाले.

“बराबर. पण तुझ्याच कुलपाशी हायत का सगळ्यांच्या, ते बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. मला चीड आली ती याचीच. प्रश्न बरोबर होता आणि तो मला पडायला हवा होता.

मग आम्ही एक गंमत केली. रस्त्यापलीकडे शेठचं गोडाऊन आहे. तिथे वेगळं कनेक्शन, वेगळा पत्ता, आमच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही. शेठचा बिलिंगचा जुना कॉम्प्युटर मी पुसून कोरा केला, त्यात काही म्हणजे काही ठेवलं नाही, आणि सिमेंटच्या पोत्यांवर मांडून त्या कनेक्शनला जोडला. राउटरला सांगितलं, येईल त्याला इकडे पाठव. कुणाला सांगितलं नाही, कुठे जाहिरात नाही. रिकामी खोली, दारावर पाटीही नाही. आता बघू कोण येतं.

शेठनी चहा मागवला. चहा आला. मी पहिला घोट घेतला आणि स्क्रीनवर ओळ पडली.

“आलं,” मी म्हणाले.

“कोण?”

“माहीत नाही. पण आलं.”

दुसरी ओळ. तिसरी. कप रिकामा व्हायच्या आत रांग लागली होती. शेठ पोत्यावर टेकले आणि स्क्रीनकडे वाकले. “काय राव,” ते म्हणाले, “हितं तर काय ठेवलंच नाय. यांना मिळणार काय?”

पत्रकाची घडी करून मी पिशवीत टाकली. छापखान्यात ते गेलं नाही. गेलं असतं तर क्रशरवाल्याचा वकील घोडेगावात ते हातात नाचवत हसला असता, आणि त्याच्या हसण्यात ताईचा व्हिडिओही वाहून गेला असता.

इथून पुढे मला त्याचं वेडच लागलं. राग कुठे गेला नाही, पण त्याच्या जागी एक खाज आली. कोण आहेत हे? रोज कॉलेज रोडवरून दुकानात जाताना मला वाटायचं, आज कोण आलं असेल. काहींचा पत्ता शोधला तर निघालं की ते कुठल्यातरी देशातल्या भाड्याच्या मशीनवरून येतात, भाडेकरू कोण ते देव जाणे. काही जण मात्र इतके सभ्य की त्यांच्या पत्त्यावर गेलं तर पान उघडायचं: आम्ही अभ्यासासाठी सगळ्या जगातली दारं मोजतो, तुम्हाला नको असेल तर कळवा. म्हणजे आधी कुलूप हलवायचं आणि मग चिठ्ठी सोडायची! परवानगी कुणाची घेतली? पण खरं सांगायचं तर मला त्यांचं कौतुकही वाटलं. सगळ्या जगाची दारं मोजायची म्हणजे काय डोकं लागत असेल.

कुठल्या दाराला कोण जास्त हात लावतं हे कळायला लागलं. एक यायचा तो फक्त कॅमेऱ्यांचं दार बघायचा. एकाला फक्त छापायची यंत्रं हवी असायची. कोणी कुठले पासवर्ड वापरून बघतं तेही दिसायचं, आणि ते वाचून जीव तुटायचा. एक-दोन-तीन-चार. अॅडमिन-अॅडमिन. जगभर लोक हेच ठेवतात म्हणूनच ना हे आधी हेच घालून बघतात? खोडदच्या बाजूने एसटी जाताना रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसायच्या. तिथे काम करणारे एक काका एकदा गाडीत शेजारी बसले होते. ते म्हणाले, “आमच्याकडे येतं त्यात आभाळाचं थोडं, बाकी सगळं मोबाइल आन् मोटारींचं. ते वेगळं काढण्यातच जन्म जातो.” मला एकदम आपलेपणा वाटला. मीही तेच करत होते, फक्त माझं तोंड खाली होतं.

माझं दारही मी नीट केलं. झाडलोटीच्या दाराचा पासवर्डच काढून टाकला, त्याऐवजी किल्ली. किल्ली म्हणजे एक लांबलचक फाइल, ती माझ्या लॅपटॉपवर आणि दुसरी कुठेच नाही. तीनदा चुकणाऱ्याला हाकलणारा एक प्रोग्रॅम पहारेकरी म्हणून बसवला. त्याने पहिल्याच दिवशी मला हाकललं.

आणि मग त्या रांगेत मला आपली माणसं सापडली.

काही पत्त्यांचे सुरुवातीचे आकडे आमच्याच पत्त्यासारखे होते. म्हणजे आमचाच केबलवाला, आमचाच पट्टा. ओतूर, नारायणगाव, मंचर. मी त्यातला एक ब्राउझरमध्ये घातला. समोर सीसीटीव्हीचं पान उघडलं. नाव आणि पासवर्ड विचारत होतं आणि वर पाटी होती: पोल्ट्री. दुसऱ्यावर पाटी: मंगल कार्यालय. तिसऱ्यावर नुसतं: गोठा.

मी खो-खो हसले. मग हसू थांबलं.

आमच्याकडे ऊस तुटला की बिबट्या वस्तीवर येतो. त्यामुळे गेल्या काही वर्षांत ज्याच्याकडे दोन म्हशी आहेत त्यानेही गोठ्यावर कॅमेरा लावलाय. सकाळी उठून मोबाइलवर बघायचं, आला होता का. बसवणारा भाऊ एकच, सगळ्या पट्ट्यात त्याचीच कामं. आणि त्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्यांमध्ये बाहेरचं काहीतरी शिरलं होतं, व्हायरस म्हणतात ते. ते डबेच आता जगाची दारं ढकलत फिरत होते, आणि फिरत फिरत आमच्याही दाराशी आले होते. मालकांना पत्ताच नाही. ते बिबट्या बघतायत.

मी दुकानातला राउटर तपासला. शेठच्या काउंटरवरचा कॅमेऱ्याचा डबा दिवसभर बाहेर कुणाकुणाला साद घालत होता.

“म्हंजी माझाच कॅमेरा दारोदार फिरतोय?” शेठ म्हणाले.

“तुमचाच. काय पासवर्ड आहे त्याचा?”

शेठ जरा ओशाळले. “ओझरच्या गणपतीचं नाव. आन् पुढं एक-दोन-तीन.”

“तुम्ही ठेवलात?”

“त्या भाऊनं. तो सगळ्यांचा तोच ठेवतो. म्हणला, शेठ, लोक विसरत्यात आन् मला रविवारी फोन करत्यात. देवाचं नाव कोण विसरंल?”

खरं होतं. घराची चौकट बसवताना, बोअरला मोटर सोडताना, नव्या वहीच्या पहिल्या पानावर, सगळीकडे आधी त्याचंच नाव. तसंच इथेही. विघ्न अडवायला ज्याला दाराशी बसवला, त्याच्याच नावाने दार उघडत होतं. आणि ते नाव या पट्ट्यात प्रत्येकाला पाठ.

आपल्याकडच्या पत्त्यांच्या त्या यादीत शेवटून दुसरा पत्ता मी उघडला तेव्हा वर पाटी होती: क्रशर काटा.

म्हणजे टकटक करणाऱ्यांत क्रशर होताच! मी चुकीच्या कारणाने बरोबर होते. मालकाने मुद्दाम काही केलं नव्हतं, त्याचा डबाही बाकीच्यांसारखाच बाटला होता. पण तो माझ्यासमोर होता. दोन रिकामे चौकोन. वरच्यात काय घालायचं ते माहीत, खालच्यात काय घालायचं तेही. आत गेले तर काटा दिसेल, खाण दिसेल, रोज सुरुंग कधी उडतात ते सगळं दिसेल. सुनावणीत टेबलावर आपटायला याहून काय पाहिजे?

माझी बोटं कीबोर्डवर होती. मी खोटं लिहीत नाही, मला आत जायचं होतं.

पण दुसऱ्याच्या घरात शिरायचं तर निदान त्या घरात बसणाऱ्या आपल्या माणसाला विचारावं. मी लॅपटॉप मिटला. ताईला रविवारी सुट्टी असते, ती बाजाराला नारायणगावला येते. स्टँडच्या कँटीनमध्ये भेटलो. मी भडाभडा सगळं सांगितलं. तिने मिसळ अर्धी ठेवून ऐकलं.

“तो कॅमेरा कुठं लावलाय, ठाव हाय का तुला?” तिने विचारलं.

“काट्यावर.”

“काट्यावर न्हाई. माझ्या डोक्यावर. खुर्चीच्या बराबर वर. मी डबा खाते ते दिसतं त्यात.” पाव मोडत ती म्हणाली, “त्यातलं काय बाहेर आलं तर पहिलं कोणाला इचारतील? मालक काय म्हणंल, ओतूरची पोरगी लई हुशार व्हती, तिनं काढलं? तो म्हणंल, काट्यावरच्या बाईनं दिलं.”

ती पाव रश्श्यात बुडवता बुडवता थांबली.

“आन् मी डबा खाताना तू बघणार व्हतीस?”

“नाही गं ताई…”

“तू नाय तर दुसरं कोण. देवाचं नाव सगळ्यांनाच येतंय म्हणतेस ना?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कॅमेऱ्यात क्रशर बघत होते. ताई त्यात बसलेली होती, रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि जगातला कुठलाही रिकामटेकडा तिला बघू शकत होता.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्या बसवणाऱ्या भाऊला दुकानात बोलावलं. भाऊ आधी मानेना. “आवो शेठ, गणपतीचं नाव बदलायला सांगता?”

“नाव बदलू नको रे, गणपतीला आपल्या जागेवर राहू दे,” शेठ म्हणाले. “त्याला कुलपातनं काढ. किती दिस उभा ठेवशील?”

भाऊ हसला, मग लॉग बघितल्यावर हसायचा थांबला. पुढचे काही दिवस तो मोटरसायकलवर गोठे, पोल्ट्र्या, कार्यालयं करत फिरला. डबे पुसले, नवे पासवर्ड, प्रत्येकाचा वेगळा, आणि बाहेरून कुणी आत येऊ नये अशी सोय. क्रशरवरही गेला. त्याला तिकडे पाठवलं ते मी. विरोधकाच्या दाराला कुलूप लावून देणारी कार्यकर्ती तुम्ही पाहिली नसेल, मीही नव्हती पाहिली. पण त्या दाराआड आमचं माणूस बसत होतं.

पत्रक शेवटी निघालं. ओतूरच्या स्टँडवर, मंडईत, ओझरच्या कमानीजवळ मी स्वतः वाटलं. ‘तुमचा कॅमेरा बिबट्या बघतो. तुमच्या कॅमेऱ्यातून तुम्हाला कोण बघतं?’ पहिल्या ओळीत शत्रू नव्हता, प्रश्न होता. मला घडवणाऱ्यांपैकी एकाने वाचून तोंड वाकडं केलं. करू दे.

राहिलं ताईचं नाव. इतके दिवस मी एकच विचार करत होते, दार आणखी पक्कं कसं करू. किल्ली, पहारेकरी, भिंतीमागे भिंत. आणि गोडाऊनमधला तो कोरा कॉम्प्युटर रोज तीच गोष्ट सांगत होता. त्याच्या दारावर तेवढीच टकटक व्हायची, पण मला त्याची काळजी कधी वाटली नाही. का? त्याच्यात काही नव्हतं म्हणून.

मी आमच्या पानावरचा नावाचा रकानाच काढून टाकला. आलेली सगळी नावं पुसली, त्यांच्या नकलाही पुसल्या. व्हिडिओतला ताईचा आवाज काढला. धडाड तेवढं ठेवलं, आणि खाली बसलेली पोरं. केबिनच्या खिडकीची चौकट कडेने कापली, म्हणजे कुठून टिपलंय ते कळू नये. घोडेगावला तो तसाच दाखवला. तहसीलदार साहेबांनी विचारलं, “कोणी काढलाय?” मी म्हणाले, “ते आमच्याकडे कुठेच लिहिलेलं नाही. रस्ता खरा आहे, पोरं खरी आहेत, ती शाळा तिथेच आहे, चला बघायला.” क्रशरचा वकील उठला, बसला. पाहणी करायची ठरली. पुढची तारीख मिळाली.

बाहेर आल्यावर ताईला फोन लावला. ती काट्यावरच होती, मागे डंपर घरघरत होता.

“झालं का?” तिने हळूच विचारलं.

“झालं. तुझं नाव निघालं नाही.”

“मशिनीत हाय ना पण अजून?”

“नाही. पुसलं.”

“मग आता कुठं हाय?”

“फक्त माझ्या डोक्यात.”

“आन् तिथं कोण टकटक करत नाय ना?”

“करतात की. सारखी.”

“मग?”

“उघडायचं नाही.”

“बघ हां,” ती म्हणाली, आणि पुढच्या डंपरला हात करायला गेली असावी, कारण फोन चालूच राहिला आणि तिचा आवाज लांबून आला, “ओ भाऊ, जरा मागं घ्या, काट्यावर नीट चढवा!”